गुपचूप गळणारी झडप

नांदखारच्या गॅस केंद्रातली तूट उघडकीला येऊन त्या मंगळवारी आठवडा झाला होता. जुन्या नळांतून हजार फुगे भरतील इतका गॅस आत आला आणि बाहेर गेला फक्त नऊशे पंच्याण्णव फुग्यांचा. पाच फुगे गेले कुठे?

केंद्रप्रमुख बेंद्रे मॅडमनी हुंग्याकडे रोखून पाहिलं. हुंग्या म्हणजे गळती शोधणारा यंत्रमानव. आठवडाभर तो भिंतीमागच्या एकाच सांध्यापाशी बोंब मारत होता. सांधा चारदा आवळला, तरी तूट तशीच.

"संध्याकाळपर्यंत गळती सापडली नाही, तर हा भंगारात!" मॅडम म्हणाल्या.

मृण्मयी हुंग्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिचे आजोबा, दत्ताराम, या केंद्रातले जुने तंत्रज्ञ. आजी गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नसत. हुंग्याशी मात्र रोज भांडत. तो गेला तर आजोबा बोलणार कुणाशी?

"मिथेनला (नैसर्गिक वायूतला मुख्य वायू) रंग नाही, वास नाही," आजोबा म्हणाले. "घरच्या गॅसचा वास मागाहून मिसळलेला असतो. इथे हुंग्याच्या नाकावरच भिस्त."

"आभारी आहे," हुंग्या म्हणाला.

"कौतुक नाही केलं! नाक आहे, अक्कल नाही तुला."

"अक्कल बसवणं तुमचं काम होतं."

मृण्मयीला हसू आलं आणि एकदम काहीतरी आठवलं. "आजोबा, मोरीतला नळ! थेंब ताटलीवर टणटण वाजायचा. तुम्ही तोच दुरुस्त करत बसलात."

"आणि टाकी तरी रिकामीच." आजोबा म्हणाले. "तुझ्या आजीनं दोन्ही नळांखाली तांब्या ठेवला. अंगणातला नळ भिंतीवरून गुपचूप वाहत होता. त्याचाच तांब्या आधी भरला."

"मग हुंग्या नुसती टणटण ऐकतोय!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. कोंदट जागेत थोडा गॅससुद्धा साचतो, म्हणून तिथे त्याची संहती (तेवढ्याच हवेतलं गॅसचं प्रमाण) वाढते. उघड्यावर भरपूर गळला तरी वारा तो पांगवतो. संहती वेगळी आणि गळतीचा दर (मिनिटाला किती गॅस गळतो) वेगळा.

"म्हणजे गॅसलाही तांब्या हवा," मृण्मयी म्हणाली.

"गॅसला पिशवी! पण साधी नको. ती घासली की ठिणगी पडू शकते."

आजोबांनी खास पिशव्या आणल्या. दोघं लांब, वारा येतो त्या बाजूला उभे राहिले. हुंग्यानं बोंबल्या सांध्याला पिशवी बांधली. भरायला एकोणीस मिनिटं लागली. मग उघड्यावर, वारा लागणाऱ्या उंच मचाणावरच्या गंजक्या झडपेला तेवढीच पिशवी बांधली. चाळीस सेकंदांत टम्म!

"अठ्ठावीसपट!" मृण्मयी ओरडली.

"इथे मी कुजबुजलो होतो," हुंग्या म्हणाला. "कुणी लक्ष दिलं नाही."

"तू आणि कुजबुजणार? जन्मात नाही!"

त्यांचं भांडण ऐकतच मॅडम तिथे आल्या. त्यांनी हिशेब तपासला. पाचातला एक फुगा या झडपेतूनच जात होता.

"भंगार रद्द," त्या म्हणाल्या. "झडप आजच बदला. मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो."

"पण तो हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो," आजोबा म्हणाले. "आज गळती थांबवली, तर मृण्मयी मोठी होईपर्यंत फरक पडेल."

"पिशवी तुम्ही धरा, आजोबा," हुंग्या म्हणाला. "माझे हात दुखतात."

"तुला हात दुखायला कुणी शिकवलं रे?"

केंद्रात एकशे साठ झडपा आणि सांधे होते. एकशे अठ्ठावन्न मोजायचे राहिले होते.