बापाच्या समोरची बारी

हे लिहायचंच नव्हतं, खरं सांगतो. टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं. कारण यात वाईट माणूस कोणीच नाहीये, आणि तरी एका घराची चार वर्षं वाया गेली... असलं कोणाला सांगायचं? पण ज्याच्या घरची ही गोष्ट, तो निलेशच म्हणाला, "लिही रे. माझं नाव पण बदलू नको." म्हणून लिहितोय.

"त्याका सांग, भात निवता हा."

असल्फ्याच्या टेकडीवरची एवढीशी खोली. काशीराम बुवा ताटावर बसून बायकोला सांगत होते, आणि ज्याला सांगायचं तो त्यांचा मुलगा निलेश, हातभर अंतरावर चपला काढत होता. सुलक्षणाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"ऐकलंस मा? ये जेवूक."

"येतो गं."

झालं. चार वर्षं बाप-लेकातलं बोलणं म्हणजे एवढंच, आणि तेही आईच्या तोंडून वळसा घालून यायचं. निलेश खाली मान घालून जेवायचा. समोर बसलेल्या बापाचा श्वास, घास, ढेकर, सगळं ऐकू यायचं. फक्त स्वतःचं नाव त्या तोंडून ऐकू यायचं नाही. माणूस परका असता तर सहन झालं असतं. हा तर तो बाप, ज्याच्या उजव्या हाताला तो लहानपणापासून पखवाज घेऊन बसत आला होता, ज्याच्या नुसत्या भुवईवरून त्याला कळायचं की आता लय वाढणार.

त्याआधी काशीराम बुवा म्हणजे डबल बारीतलं मोठं नाव. डबल बारी म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर, दोन बुवा, दोन पेट्या. एकाने गाता गाता टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो परतवायचा. काशीराम बुवा आणि मार्तंड बुवा समोर बसले की हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची. स्टेजवर एकमेकांची लाज काढायचे आणि बाहेर येऊन एकाच कटिंगमध्ये अर्धा अर्धा चहा प्यायचे.

मग कोरोना आला आणि सगळ्याची वाट लागली. साकीनाक्याचा कारखाना बंद, तिथे बुवा कामाला होते. बाऱ्या बंद. कोरसमधला एक जण रिक्षा चालवायचा, एक लग्नात वाढपी म्हणून जायचा, सगळेच घरी. मुलुंडची एक संस्था लोककलावंतांना मदत करत होती, तिथला धवल नावाचा पोरगा रेशनची पिशवी घेऊन टेकडी चढून आला, तर बुवांनी त्याला दारातूनच हात जोडले.

"भजनाच्या नावार भीक नको. गावन मिळाला तर घेतलंय."

"काका, भीक नाहीये हो ही."

"मग गावूक दी."

धवल गेला. आणि पुढच्याच आठवड्यात निलेशने साकीनाक्याला एका गणेशोत्सव मंडळाच्या फुकट धान्याच्या रांगेत एक माणूस पाहिला. डोळ्यांपर्यंत मास्क, डोक्याला टॉवेल. ओळखू येण्यासारखं काही नव्हतं, पण त्या माणसाचा अंगठा रिकाम्या पिशवीच्या बंदावर ठेका धरत होता. निलेश टेम्पोच्या मागे झाला. त्या क्षणी त्याच्या काळजाचं काय झालं ते त्याने आजपर्यंत कोणाला धड सांगितलेलं नाही. संध्याकाळी बाप घरी येऊन म्हणाला, "कारखान्याच्या शेठान तांदूळ धाडल्यान." आई म्हणाली, "बरा झाला."

दुसऱ्या दिवशी निलेशने धवलला फोन लावला. म्हणाला, बारी लावा. ऑनलाईन लावा. गाऊन मिळालं तर बाबा घेतील. धवललाही पटलं. मोबाईलवर बारी दाखवायची, बघणारे मदत करतील, आणि बाऱ्या परत सुरू होईपर्यंत दोन्ही मंडळांची घरं संस्था चालवेल. मार्तंड बुवा लगेच तयार झाले. सगळं ठरलं, आणि ऐन वेळी मार्तंड बुवाच पॉझिटिव्ह निघाले.

निलेशने त्यांच्या मुलीला, अक्षताला, फोन लावला. निलेश आणि ती एकाच शाळेतले.

"कॅन्सल करू का?" त्याने विचारलं.

"समोर कोणी नसेल तर बारी कसली रे? कॅन्सल झाली तर दोन्ही मंडळं गेली." मग म्हणाली, "तू बस ना बाबांच्या जागी. ते वॉर्डातून बघणारेत. पण मिळमिळीत गाऊ नको हां. त्यांच्या गादीवर बसतोस तर त्यांच्यासारखा भांड."

बाप जिवंत असताना बापाच्या समोर, दुसऱ्याच्या गादीवर... त्यांच्यात असं कोणी करत नाही. तरी निलेश बसला, बापाला न सांगता. बंद शाळेचा हॉल, समोर एकही माणूस नाही, फक्त धवलचा मोबाईल स्टँडवर. काशीराम बुवा आत आले, समोरच्या पेटीवर पोटचा पोर बघून जागच्या जागी थिजले. मग आपल्या पेटीपुढे बसले. आणि गायला लागले तेव्हा तो आवाज त्यांचा नव्हताच. मेलेला, ओला, जमिनीवर पडलेला आवाज. धवल मोबाईलकडे बघत हळूच मान हलवायला लागला. मोबाईलवर बघणारे निघून चालले होते.

निलेशला दिसत होतं, बाबा आता उठणार. उठले की संपलं. मग ती रांग, तो टॉवेल, तो अंगठा... त्याला काहीतरी असं बोलायचं होतं की बाप पेटून उठेल. आणि जिभेवर जे आलं ते तोंडून निघून गेलं.

"मास्कामागे लपली बुवा साकीनाक्याची रांग,
शेठ कसला, तांदूळ कुठला, खरं घरात सांग."

मोबाईलवर हसण्याचा पूर आला. काशीराम बुवांनी मुलाकडे बघितलं. मग पेटीची पट्टी वर नेली आणि गायले. काय गायले! कोरसवाले रडत टाळ वाजवत होते. तसं ते आधी कधी गायले नव्हते आणि नंतरही नाही. त्या एका बारीवर दोन्ही मंडळांच्या चुली पेटल्या, थेट हॉल उघडेपर्यंत. पण बारी संपल्यावर ते चपला घालून एकटेच निघून गेले. घरी सुलक्षणाने शेजारणीच्या फोनवर सगळं पाहिलं होतं. ती निलेशला एवढंच म्हणाली, "तू ह्या बरा केलंस नाय."

मार्तंड बुवा वॉर्डातून परत आलेच नाहीत. आणि निलेशने पुन्हा पखवाजाला हात लावला नाही, गाणं तर लांबच. लोक म्हणायचे, बापाला विकून नाव कमावलं पोराने. तो ऐकून घ्यायचा. सांगणार तरी काय? की बापाचा आवाज परत आणायला मी बापच घालवून बसलो?

दुसऱ्या लाटेत कोरोनाने काशीराम बुवांना गाठलंच. वाचले, पण छाती गेली. तेव्हापासून गाणं नाही, आणि या थंडीत तर बोलणंही जड झालं. एकदा सुलक्षणा नळावर गेली होती. निलेश त्यांना चमच्याने पेज भरवत होता, नेहमीसारखा, न बोलता.

"निलेश."

चमचा हातातच राहिला.

"माका तेव्हाच कळलला."

"काय, बाबा?"

"तू माझो आवाज काढूक बोललंस ता. मी मेल्यासारखो गाय होतंय. माझ्या पखवाजवाल्याक कळात नाय तर कोणाक?"

"मग बाबा..." निलेशने चमचा वाटीत ठेवला. "मग चार वर्षं का? एकदा शिव्या तरी घालायच्या..."

बुवांनी धाप आवरली.

"तुझ्यार राग नव्हतो रे. तुझ्याशी बोललंय असतंय तर तो विषय निघालो असतो. तुझ्या आवशीक मी खोटा सांगितललंय. तिच्यासमोर मान वर होय नाय होती माझी."

दारात कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माका पैल्या दिवसापासून ठावक होता," सुलक्षणा म्हणाली. "तांदळाच्या पिशवीर त्या धान्य वाटणाऱ्या मंडळाचा नाव छापलला नव्हता? उलटी करून घडी घातलंय मी, माका कळला ता तुमका कळा नये म्हणान."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुम्ही शेठाचा नाव घेतलास. मी काय तुमका खोटा पाडू?" ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "माका वाटला, तुमचा दोघांचा काय ता बारीतला भांडण. बापलेकाच्या मधी मी कशाक पडू?"

काशीराम बुवा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकता खोकता त्यांनी निलेशचं मनगट पकडलं ते सोडेचनात. तिघंही त्या खोलीत रडत होते... कोणी कोणाला गप्प करत नव्हतं. त्यानंतर आठवडाभर बाप मुलाशी बोलला. अगदी साधं, पाणी दे, खिडकी लाव. निलेशला ते अमृतासारखं वाटायचं. मग एका सकाळी तेही थांबलं.

तेराव्याला अक्षता आली. बापाचं मंडळ आता तीच चालवते, पेटीवर तीच बसते. जेवणं उरकल्यावर दोघं बाहेर पायरीवर बसली.

"घाटकोपरला बारी घेतलीये," ती म्हणाली. "दोघांच्या नावाने. समोर बस माझ्या."

"मी सोडलंय गं सगळं."

"माहितीये. पण दुसरा कोण बसणार?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा वॉर्डात बघत होते ना, हसले होते तुझ्या त्या ओळीवर. नर्सने सांगितलं. त्यानंतर नाही हसले ते."

ती ओळ कोणाला हसवून गेली, कोणाला गप्प करून गेली, निलेशला हिशोबच लागत नव्हता.

"आधीच सांगते, मी स्टेजवर सोडणार नाहीये तुला," अक्षता म्हणाली. "तुझा सगळा कच्चा चिठ्ठा आहे माझ्याकडे."

"बोल तुला काय बोलायचं ते. बसतो मी." त्याने तिच्याकडे बघितलं. "पण आत्ताच शब्द देतो तुला. तुझ्या घरातलं मला जे जे माहितीये, त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. उत्तर सुचलं नाही तर गप्प बसेन."

"मग हरशील ना येड्या."

"हरेन."