एक मोठी झोप

मी देवासच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे अंतरं मला पाठ. मुंबई ते सिंगापूर, हवेतून, साधारण एकोणचाळीसशे किलोमीटर, साडेपाच तास. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात कारखान्याने स्वानंदला नवं मशीन शिकायला तिकडे पाठवलं, तेव्हा तो हसत म्हणाला, "दूर कसलं? तुझ्या सासरी धारला बसने जाऊन परत येण्याइतकंच तर आहे."

आमची अवंती साडेतीन वर्षांची. तिला तास कुठले कळायला? नकाशावर दोरा ताणून मी तिला सांगितलं, बाबा एक मोठी झोप लांब आहेत.

दहाव्या दिवशी तो तिकडेच गेला. हृदय बंद पडलं. अस्थी आल्या. अवंतीने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाबा अजून लांब गेले." वर्गात असं उत्तर मी कधी दिलं नसतं.

पुढच्या रविवारी ती वरणभात खाऊन साडेअकराला निजली, ती पाचला उठली. दुपारी एवढी ती कधी झोपत नसे. कान चोळत म्हणाली, "आई, कान बंद झाले."

डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. "कुछ नहीं है दीदी, एकदम साफ." विमान उतरताना कान बंद होतात हे स्वानंद फोनवर बोलला होता, तिने ऐकलं असेल, अशी मी समजूत घातली.

त्यापुढच्या रविवारी सव्वासहा तास. मग सात. हलवलं, तोंडाला पाणी लावलं, तरी ती उठत नसे. श्वास नीट, तळवे मात्र गार. मी तिच्या झोपेच्या तासांचा हिशोब करून दोरा त्याच रेषेत पुढे सरकवला. सिंगापूर मागे पडलं. खाली नुसतं निळं.

धारहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, पोरीला खरं काय ते सांगून टाक. मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. कारण जाग आली की अवंती माझ्या कुशीत शिरायची आणि म्हणायची, बाबांना दाढी आलीय. बाबा तुझी पोळी मागतात. हे ऐकायला मी रविवारची वाट बघू लागले होते.

मागच्या रविवारी तिने उठून मूठ उघडली. आत एक टॉफी. कागदावरची अक्षरं मला वाचता आली नाहीत.

"एक मी खाल्ली. ही तुझी. कान दुखू नयेत म्हणून."

"मला कशाला?"

"बाबा म्हणाले, आता लांब आहे. एकटी येऊ नकोस."

आज सकाळी तिला खरं सांगायचं ठरवलं होतं. वेणी घालता घालता म्हटलं, "अवू, बाबा आता नाहीत." ती माझ्या मांडीवर केव्हाच झोपली होती.

साडेअकरा वाजले होते.

आता साडेसात. टेकडीवर देवीच्या आरतीची घंटा सुरू झाली. एका हातात तिचा हात धरून मी हे लिहिते आहे. तो गार आहे. मध्येच ती झोपेत आवंढा गिळते.

आरती चालूच असणार. मला ऐकू येईनाशी झाली आहे. वर पंखा फिरतोय, त्याचाही आवाज नाही.

एवढ्या लांबून तिने एकटीने परत येऊ नये.

टॉफीचा कागद मी सोडवला आहे.