दीड तासाचं अंतर

"मला नको ते विमान आणि नको ते शहर!" शिवणयंत्रावरची मान वरही न करता ताई म्हणाली, तेव्हाच मावशीने ओळखलं, ही येणार. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच शहरात व्हायचं होतं, सोबतीला दुसरं कोणी नव्हतं, आणि आधी नाही म्हणून मग धावत जायचं, ही ताईची जन्माची खोड!

त्या शहरात ताईची धाकटी बहीण राहत होती. वैमानिक झाली होती, पण ताईशी बोलणं कधीचंच बंद होतं. आई गेली तेव्हा धाकटीची शेवटची परीक्षा चालू होती, आणि ताईने तिला आजाराची कुणकुणसुद्धा लागू दिली नव्हती. सगळं आटोपल्यावर दारात उभी राहून धाकटी म्हणाली होती, "नऊशे किलोमीटर, ताई. विमानाने दीड तास. तेवढंही येऊ दिलं नाहीस मला."

पोरीला कळवायचं नाही, आणि मी अडवलं हेही कधी सांगायचं नाही, असं आईने हात हातात घेऊन ताईकडून वदवून घेतलं होतं. ते तिने पोटात ठेवलं आणि आईच्या वाटणीचा राग ताठ मानेने आपल्या पदरात घेतला. दिलेला शब्द पाळला, याचाच तिला अभिमान होता.

विमानात ताई स्वतः जीव मुठीत धरून बसली होती आणि घाबरू नकोस म्हणून मावशीलाच बजावत होती. इतक्यात डोक्यावरून कॅप्टनचा आवाज आला... धाकटीचा आवाज! अंतर नऊशे किलोमीटर, ती म्हणाली, प्रवासाला वेळ लागेल... आणि तिथेच अडखळली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. लहानपणी तिचा पाढा अडला की सुचवायची, तशी ताई ओठांतल्या ओठांत म्हणाली, "दीड तास." वाक्य अखेर सहवैमानिकाने पुरं केलं.

ताईने मावशीकडे रोखून पाहिलं. शब्द तू दिला होतास, मी नव्हता दिला, सांगून टाकलं पोरीला सगळं, असं पुटपुटत मावशी खिडकीबाहेर बघू लागली.

विमान रिकामं झालं तेव्हा धाकटी दारापाशी उभी होती, टोपी हातात, डोळे लाल.

"का नाही सांगितलंस गं, ताई? मी तुला काय काय बोलले..."

"आईवर रागावली असतीस, तर तुझी समजूत काढायला ती कुठून आली असती?" ताई म्हणाली. "माझ्यावर रागावलीस. मी होते ना."

धाकटी लहान मुलीसारखी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. ताईनेही डोळे पुसले, मग शिवणकाम करणाऱ्या बोटांनी तिची कॉलर नीट केली, टोपी डोक्यावर सरळ बसवली आणि उतरताना विमान जरा आपटलंस, असंही सुनावलं.

झाडलोट करायला आलेली बाई दोघींकडे बघतच राहिली. ताईने ताठ होऊन तिला सांगितलं, "हे विमान हिने आणलंय. बहीण आहे माझी. मी वाढवलेली."