धूळ नसलेलं बटण

मातीच्या कच्च्या ताटल्यांच्या मांडणीमागे तिघं जण गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यातल्या वकिलाच्या पायाला केव्हाच मुंग्या आल्या होत्या.

"तास झाला," तो कुजबुजला. "गुन्हेगार आज रजेवर दिसतोय."

"बावन्न मिनिटं," मोजपट्टी म्हणाली.

तिला घरात सगळे मोजपट्टी म्हणायचे ते उगाच नाही. सुट्टीला मावशीकडे आल्या आल्या तिने तिथल्या ताटल्यांच्या कारखान्याचा उंबरठा किती उंच आहे ते मोजलं होतं, आणि मग त्यालाच ठेचकाळून पडली होती. वकील म्हणजे मावशीचा मुलगा, तिच्याच वयाचा, बारा वर्षांचा. वाद घातल्याशिवाय तो पाण्याचा पेलासुद्धा हातात घेत नसे. तिसरी त्याची आठ वर्षांची बहीण चिमणी. तिला गप्प बसवण्यासाठी दोघांनी तिच्या तोंडात लिमलेटची गोळी कोंबली होती.

तिघांची नजर होती भट्टीशेजारच्या फळीवर. त्या फळीवर एक जुना कॅल्क्युलेटर होता, आलेख काढणारा, मोठ्या पडद्याचा. त्याच्या डोक्यातून निघालेली तार भट्टीत खुपसलेल्या सळईला जोडलेली होती. सळई भट्टीतली उष्णता मोजायची आणि कॅल्क्युलेटरमधला प्रोग्रॅम दर मिनिटाला पडद्यावर एक ठिपका मांडायचा. ठिपके ठरलेल्या रेषेवर चालले की सगळं ठीक. रेषा सोडून वर गेले की पडद्यावर 'गॅस कमी करा' असं उमटायचं, खाली घसरले की 'गॅस वाढवा'. भट्टी सांभाळणारे भट्टीकाका त्याप्रमाणे गॅसचा कॉक फिरवायचे.

निदान तसं व्हायला हवं होतं. पण गेल्या तिन्ही वेळा मधेच कधीतरी प्रोग्रॅम थांबला होता. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी राहायचं, आकडाही तोच. भट्टीकाका बिचारे आकडा वाढण्याची वाट बघत गॅस थोडा थोडा सोडत राहायचे, आणि त्यांच्या लक्षात येईपर्यंत आत सगळं नको तितकं तापलेलं असायचं.

त्यात मावशीचा निळा रंग तिन्ही वेळा वाहून गेला होता. ताटल्यांवर लावायची झिलई, भाजल्यावर काचेसारखी चमकते ती, मावशी दोन वर्षं स्वतः बनवत होती. वहीत तिचं प्रमाण लिहिलेलं होतं, पण वरची नावाची जागा रिकामी होती. जमल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं तिचं म्हणणं. आता तिला वाटत होतं की दोष आपल्या झिलईतच आहे. परवा चौथी आणि शेवटची भट्टी लावायची, तीही बिघडली तर वही माळ्यावर टाकून तयार निळा रंग आणायचा, हे तिने काल जेवताना इतक्या शांतपणे सांगितलं होतं की कोणी दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली नव्हती.

वकिलाने काल सगळ्या मोठ्यांची उलटतपासणी घेतली होती. भट्टीकाकांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, आपण त्या यंत्राला हातही लावत नाही. माल खोक्यांत भरणाऱ्या खोकेमामांनी तेच सांगितलं. मावशीनेही. मग थांबवतं कोण? आज कच्च्या मालाची साधी भट्टी होती, थोडं इकडंतिकडं झालं तरी बिघडणारं काही नव्हतं. म्हणून तिघं पाळत ठेवून बसले होते.

आणि गंमत अशी की संशयित एकामागून एक येतच होते. भट्टीकाका आले, पाठ करून फळीसमोर उभे राहिले, गेले. खोकेमामा आले, उभे राहिले, गेले. मग मावशी. मग पुन्हा भट्टीकाका. कोणीही पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबलं नाही. कोणाच्या हातात हत्यार नाही, चेहऱ्यावर अपराध नाही. पण तिघं लंगडत फळीपाशी पोचली तेव्हा पडद्यावरचा आकडा चारशे बाराला अडकलेला होता.

"चौघांपैकी एक," वकील म्हणाला.

"तिघांपैकी. भट्टीकाका दोनदा आले."

"म्हणून त्यांना दुप्पट शिक्षा."

मोजपट्टीला काहीच कळेना. हात कोणी लावत नाही आणि काम मात्र थांबतं. तिने कॅल्क्युलेटर न हलवता चारी बाजूंनी निरखला. चिमणीने तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाली, "ताई, हे एकच बटण आंघोळ केलेलं आहे."

खरंच की. सगळ्या बटणांवर मातीची पांढरी भुकटी बसली होती. एक सोडून. डावीकडचं, खालून पहिलं, चालू करायचं बटण आरशासारखं चकचकीत होतं.

त्याच्या वर भिंतीला कागद चिकटवला होता, निळ्या झिलईच्या पहिल्या भट्टीपासूनचा. मावशीचं ठसठशीत अक्षर: 'काळजी घ्या. भट्टी चालू असताना हे यंत्र बंद पडता कामा नये.'

मोजपट्टीने तो कागद वाचला. पडद्याकडे पाहिलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात पडदा इतका फिकट दिसत होता की तो चालू आहे की बंद, पटकन समजेना. तिचा उजवा हात आपोआप पुढे गेला, बोट त्या बटणाच्या अगदी जवळ पोचलं, आणि तिथेच थिजलं.

ती आपल्याच बोटाकडे बघत राहिली.

"वकिला," ती हळूच म्हणाली, "गुन्हेगार हा कागद आहे."

वकिलाला ते पटवायला तिला पाच मिनिटं लागली. येणारा प्रत्येक जण कागद वाचतो. यंत्र बंद तर पडलं नाही ना, अशी त्याला काळजी वाटते. मग तो चालू करायचं बटण दाबून खात्री करून घेतो. पण प्रोग्रॅम चालू असताना तेच बटण दाबलं की चाललेलं काम मधेच थांबतं! म्हणजे जो जास्त काळजी घेतो, तोच जास्त घोटाळा करतो.

खात्री करायला ते भट्टीकाकांकडे गेले. यंत्राला हात लावला का, असं वकिलाने पुन्हा विचारलं. त्यांनी ठाम नकार दिला. मग मोजपट्टीने विचारलं, बटण दाबलं का?

"ते होय," भट्टीकाका म्हणाले. "ते तर मी फक्त बघतो, चालू आहे का. त्याला काय हात लावणं म्हणतात?"

सगळं समजावून सांगितल्यावर ते फार खजील झाले, यापुढे बोटही लावणार नाही म्हणाले, आणि मुलांनी प्रोग्रॅम पुन्हा चालू केल्यावर जाता जाता सवयीने त्यांनी बटण दाबलं. नुसतं सांगून भागणार नव्हतं. बटणच बहिरं करायला हवं होतं.

तो प्रोग्रॅम लिहिला होता मावशीच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी. आता ते निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. भट्टी बंद झाल्यावर मुलं कॅल्क्युलेटर घेऊन पोचली तेव्हा सर अंगणात सायकल उलटी ठेवून तिच्या साखळीशी झटापट करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागदाचा भाग दोनदा ऐकला, आणि सांगितलं की बटणाकडे दुर्लक्ष कर, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालता येते. कोणी कितीही दाबलं तरी काम चालूच राहतं.

मग आधीच का नाही घातली, असं वकिलाने विचारलं.

"बाहेर पडायचा रस्ता राहावा म्हणून," सर म्हणाले. "प्रोग्रॅम चुकला तर त्याला थांबवणार कसा? आधी आपल्यापुरती एक गुप्त वाट ठेवा. एकदम तीन बटणं, कोणी चुकून दाबणार नाही अशी. ती चालते का बघा. मग पुढचं दार बंद करा. क्रम लक्षात ठेवा."

ओळ कागदावर उतरवून देऊन ते पुन्हा साखळीकडे वळले. क्रम मोजपट्टीने वहीत लिहिला. पण ती अजून ओसरीत चपला घालत होती तेवढ्यात वकिलाने फाटकाशी उभं राहून ती ओळ घालूनही टाकली. वाट नंतर करू म्हणे, एक ओळ तर आहे. टाइप करताना त्याच्याकडून आधीची एक ओळ पुसली गेली, हे त्याला कळलंच नाही. त्याने प्रोग्रॅम चालू केला.

पडद्यावर उमटलं, 'गॅस कमी करा'. मग पुन्हा 'गॅस कमी करा'. मग पुन्हा, पुन्हा, पुन्हा. वकिलाने चालू करायचं बटण दाबलं. काही नाही. सगळी बटणं दाबली. काही नाही. कॅल्क्युलेटर आता खरोखरच कोणाचं ऐकत नव्हता.

"थांबव ना," चिमणी म्हणाली.

"ऐकतच नाही," वकिलाचा आवाज बारीक झाला होता.

सरांनी पाहिलं आणि मान हलवली. आता एकच उपाय, सेल काढायचे. पण इतक्या जुन्या यंत्रात सेल काढले की आतलं सगळं पुसलं जातं. आणि प्रोग्रॅमची दुसरी प्रत? सरांनी तो चार वर्षांपूर्वी थेट कॅल्क्युलेटरवरच लिहिला होता. कागदावर कुठेच नव्हता.

वकिलाने आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला नाही. तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला आणि नखाने चुना खरवडू लागला. आईची चौथी भट्टी परवावर आली होती आणि तिन्ही वेळा न झालेलं नुकसान त्याने एका मिनिटात केलं होतं.

मोजपट्टी खाकरली. तिला जरा लाजच वाटत होती. "माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"प्रोग्रॅम. आल्या दिवशी संध्याकाळी काही काम नव्हतं. किती ओळी आहेत ते मोजायचं होतं, तर म्हटलं लिहूनच घेऊ. एकसष्ट आहेत."

सरांनी हातातला पाना खाली ठेवला, तिची वही घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकविसाव्या ओळीत एक कंस राहिला होता, तेवढाच. मग सेल काढले, पुन्हा घातले, आणि ओसरीत बसून ओळी भरायला सुरुवात झाली. मोजपट्टी वाचणार, वकील टाइप करणार, सर तपासणार. या खेपेला आधी गुप्त वाट झाली, तीन बटणांची. ती दहा वेळा वापरून पाहिली. मगच बटण बहिरं केलं.

"पण लोक ते दाबतात कशाला?" सरांनी अचानक विचारलं.

"चालू आहे का ते कळत नाही म्हणून," मोजपट्टी म्हणाली.

"मग त्यांना कळू दे की," चिमणी म्हणाली. "कोपऱ्यात एक ठिपका ठेवा. डोळा मारणारा."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही एवढी वर्षं वर्गातल्या पहिल्या बाकावर चुकीची मुलं बसवली होती. ठिपक्यासाठी तीन ओळी लागल्या. वकिलाने आपल्या मनाची आणखी एक घातली, सरांना विचारून. ती कशासाठी, हे त्याने कोणाला सांगू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला भट्टी पेटली. आत मावशीच्या निळ्या झिलईच्या चाळीस ताटल्या होत्या. घोटाळा कुठे होता ते मुलांनी तिला सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, पण पूर्ण विश्वास बसलेला दिसत नव्हता. भिंतीवरचा कागद तिने काढला नव्हता.

दुपारी बारापर्यंत ठिपके रेषेवर मुंगीसारखे ओळीने चालत होते. मग अकराशे अंशांच्या पुढे, जिथे आकडा अगदी सावकाश वाढतो, भट्टीकाका आले. त्यांचं बोट बटणावर गेलंच. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. जोरात दाबलं.

"मेलं वाटतं हे," ते पुटपुटले, आणि यंत्र उलटं करून सेलचं झाकण उघडायला लागले.

मोजपट्टी मांडणीपासून फळीपर्यंतचं अंतर, जे तिने सहा मीटर वीस मोजलं होतं, तीन ढांगांत पार करून त्यांच्यासमोर उभी राहिली. सेल निघाले तर आकडे, रेषा, प्रोग्रॅम, सगळं जाणार होतं.

"काका, ठिपका बघा. फक्त ठिपका. एक मिनिट."

भट्टीकाका झाकणावर अंगठा ठेवून बघत राहिले. कोपऱ्यातला ठिपका लागला, विझला. लागला, विझला. आणि मग अकराशे एक्कावन्नचे अकराशे बावन्न झाले.

"अरेच्चा," ते म्हणाले. "जिवंत आहे की." आणि त्यांनी यंत्र झोपलेल्या बाळासारखं फळीवर ठेवलं.

सव्वादोनला पडद्यावर 'भट्टी बंद करा' उमटलं. भट्टीकाकांनी कॉक बंद केला. त्याच क्षणी पडद्यावर आणखी एक ओळ आली, वकिलाची: 'बटण दाबले: १९ वेळा.'

मग खोकेमामांनी घाईघाईने सांगितलं की आपण फक्त एकदाच दाबलं. भट्टीकाका म्हणाले, आपण फार तर पाचदा. मोजपट्टीने मनातल्या मनात बेरीज केली आणि मावशीकडे पाहिलं.

मावशीने पदराने कपाळ पुसलं. "उरलेले माझे," ती म्हणाली.

भट्टी निवायला रात्र गेली. सकाळी दार उघडलं तेव्हा मावशीने पहिली ताटली हातमोज्यांनी बाहेर काढली आणि उजेडात धरून फिरवून पाहिली. निळा रंग कुठेही वाहिला नव्हता. काठाशी गडद होता, मधे खोल तळ्यासारखा, आणि एकही बुडबुडा नव्हता. सगळ्या चाळीस तशाच निघाल्या.

सर मुद्दाम सायकलवर आले होते. वकिलाला ते म्हणाले की मोजायची ओळ घालायचं आपल्यालासुद्धा सुचलं नसतं, आणि वकिलाने ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. चिमणीला त्यांनी खिशातून लिमलेटच्या तीन गोळ्या दिल्या, ठिपक्याच्या तीन ओळींबद्दल. भट्टीकाकांनी चार वर्षं बुजवून ठेवलेलं, भट्टीत डोकावून बघायचं भोक उघडलं. यापुढे यंत्र काही म्हणो, आगीचा रंग आपण स्वतःही बघणार, असं त्यांनी जाहीर केलं.

मावशीने भिंतीवरचा कागद फाडला. मग झिलईची वही उघडली आणि मोजपट्टीला जवळ बोलावलं.

"तू ते सगळं लिहून घेतलं नसतंस तर ही वही माळ्यावर गेली असती," ती म्हणाली. "आता नाव तू सांग."

मोजपट्टीने थोडा विचार केला. नावाची ती रिकामी जागा नऊ सेंटिमीटर होती, मोठं नाव सहज मावलं असतं. पण तिने पेन घेऊन लिहिलं, 'एकोणीस'.