गोराईच्या घंटाघरातले अकराशे किलो

ही हकीकत खरी आहे. कंपनांच्या नोंदी वेळेसकट जपून ठेवलेल्या आहेत. ज्याला शंका असेल त्याने त्या तपासाव्यात.

फेब्रुवारीतला मंगळवार. गोराईचे एक जुने चर्च. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे... भुताखेतांची वेळ नव्हेच.

घंटाघराच्या लाकडी माळ्याची तपासणी अभियंता असलेल्या गंधालीकडे होती. तुळया कुजलेल्या निघाल्या, तर मनोरा पाडायचा असे ठरले होते. माळा किती वेगाने थरथरतो ते सेन्सरने मोजायचे आणि संगणकातला नमुना त्याच्याशी जुळवायचा, एवढेच काम. एक सेन्सर माळ्यावर, एक जिन्यात.

नमुना म्हणत होता, सेकंदाला आठ कंपने.

सेन्सर म्हणत होता... सहा.

"तुळया गेल्या यार," लॅपटॉपशी बसलेला तिचा सहकारी निहार म्हणाला. "लिहून टाक आणि चल. बोट चुकेल."

"टोचून पाहिल्यात मी. खणखणीत सागवान आहे. घाई तुला, मनोरा जाणार यांचा!"

ओझे वाढले तरी कंपने मंदावतात, म्हणून तिने नमुन्यातल्या माळ्यावर वजन वाढवत नेले. अकराशे किलोंना आकडे तंतोतंत जुळले.

पण माळा रिकामा होता.

"इनासकाका, वर काय होतं हो?"

चर्चची देखभाल करणाऱ्या इनासकाकांनी झाडू थांबवला. "घंटा होती ना. साडेआठशे किलोची. दुरुस्तीला नेताना खाडीत होडी उलटली. आमचा आजा धरून चौघं होते. ना घंटा मिळाली, ना ते."

साडेआठशे. आणि चार माणसे...

"योगायोग," असे म्हणून गंधाली एकटीच वर चढली. जिना एका माणसापुरता अरुंद. वाटेत कोणी नव्हते.

वर पोचताच खालून निहारचा फोन आला.

"तू माळ्यावर आहेस ना? तुझ्या वजनाने कंपनं कमी व्हायला हवीत."

"मग?"

"वाढलीत गं. आठ. बरोब्बर आठ."

म्हणजे तुळया शाबूत होत्या. मनोरा वाचला होता.

"झकास! येते खाली."

"नको!" निहारचा आवाज चिरकला. "जिन्यातला सेन्सर... पावलं दाखवतोय. जड. खाली येतायत."

गंधालीने कान दिला.

जिन्यात कसलाच आवाज नव्हता.

"काका असतील, निहार."

"काका माझ्यासमोर आहेत. जिन्याचं दार उघडून, बाजूला सरकून उभे आहेत... टोपी काढून."

अहवालात आठ हा आकडा गेला. मनोरा उभा आहे. सहाचे स्पष्टीकरण गंधालीकडे आजही नाही. आणि ते विचारायला ती पुन्हा गोराईला गेलेली नाही.