बिनसाखरेची वार

कोल्हापूरजवळच्या पशुगर्भ संशोधनशाळेत त्या सकाळी एक म्हैस गाभडली, तेव्हा डॉ. विश्राम घोरपडे यांना पहिली काळजी वाटली ती मंत्र्यांच्या भेटीची. म्हशीची नंतर.

"घसरली असेल," ते म्हणाले. "गोठ्यात ओल किती आहे बघा."

"घसरली नाही, सर." जिवाणुतज्ज्ञ डॉ. रेहाना शिकलगार यांनी हातमोजे काढले. "वारेत जिवाणू आहेत. आपलेच, जुने."

"शक्यच नाही. त्यांना खायला ठेवलंय काय आपण?"

प्रश्न रास्त होता. सांसर्गिक गर्भपाताचा जिवाणू म्हशीच्या अंगात गुपचूप पडून असतो. म्हैस गाभण राहिली की तिच्या वारेत, म्हणजे रेडकाला पोसणाऱ्या आवरणात, एक खास साखर तयार होते. आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखा जिवाणू त्या साखरेवर तुटून पडतो. वार सडते आणि रेडकू अवेळी पडतं. बाईच्या वारेत ही साखर नावालाच. त्यामुळे माणसाला हा जिवाणू ताप आणतो, सांधे धरतो, पण बाईच्या गर्भाला म्हशीइतका छळत नाही. घोरपड्यांनी जनुककात्री चालवून म्हशीची वारही बाईसारखी करून टाकली. या 'निःशर्कर' म्हशी जिल्हाभर गेल्या आणि गाभडणं थांबलं. मग लस थांबली, तपासणीही थांबली. जे दिसत नाही, त्यावर खर्च कोण करतो?

लोकांनी मात्र आपला वेगळाच हिशेब मांडला. जी म्हैस कधी गाभडत नाही, तिचं दूध प्यालं की बाईचंही पोट टिकतं! दादू गवळी याच म्हशी गिऱ्हाइकासमोर पिळून दूध द्यायचा, त्या कट्ट्यावर रोज सकाळी दोनजीवाच्या बायकांची रांग लागू लागली. दूध धारोष्णच हवं. उकळलं की गुण जातो. घोरपडे हसले, पण त्यांनी ते खोडलं नाही. फुकटची जाहिरात होती. पुढं त्यांची लेक शर्वाणी, दोनदा पोट पडलेली, तिसऱ्यांदा दिवस राहून माहेरी आली, तेव्हा बायकोनं तिलाही रांगेत धाडलं. "तुमचीच म्हैस ना? मग?"

"जिवाणू गेलेच नव्हते, सर," रेहाना सांगत होत्या. "कासेत राहिले, दुधातून फिरले. वारेत साखर मिळेना, तेव्हा बहुतेक उपाशी मेले. एखाद्याला मात्र बिनसाखरेच्या वारेवर जगायचं साधलं. आता वाढतोय तो त्याचाच वंश."

"मग वार पुन्हा बदलू." घोरपड्यांना हुरूप आला, नवा प्रकल्प म्हणजे नवं अनुदान. "त्याला पचणार नाही अशी एखादी..."

"सर, ही वार आपण कुणाची बघून केली?"

घोरपड्यांनी घरी फोन लावला.

"आत्ताच आले कट्ट्यावरून, बाबा," शर्वाणी म्हणाली. "दादूकाकांनी आज मोठा पेला दिला."

"ताप आहे का तुला?"

"कणकण आहे चार दिवस. आई म्हणते, वारं लागलं."

तिला तडक दवाखान्यात न्यायला बायकोला सांगून घोरपड्यांनी गाडी कट्ट्याकडं घातली. म्हशीची धार चरवीत फेसाळत होती. रांग नेहमीएवढीच होती.

"कुणी पिऊ नका!" ते ओरडले. "या दुधात रोग आहे. पोटं पडतील तुमची!"

दादूनं धार थांबवली नाही. "डाक्टर, परवा हितंच म्हशीसंगं फोटो काढलासा, नि आज रोग? सकाळी सकाळी काय घेटलंय काय?"

बायका हसल्या. सहाव्या महिन्यातल्या एका बाईनं पेला तोंडाला लावलेला होता, तो रिता होईस्तोवर तिनं खाली घेतला नाही. मग पदरानं ओठ पुसले.

"सोत्ताच्या लेकीला रोज पाजायचं," ती म्हणाली, "आन आमच्या तोंडचं काढाय आलाय व्हय?"

आणि पेला तिनं मागच्या बाईच्या हातात दिला.