भूत आलं, परत झोपा

पेशंट हलला की एमआरआयच्या चित्रात शेजारी त्याचीच फिकट नक्कल उमटते. आम्ही तिला भूत म्हणतो. "भूत आलं, परत झोपा," असं मी वीस वर्षं सांगतेय. काहीजण दचकतात, माझी तेवढीच करमणूक.

त्या दुपारी आलेली मुलगी पार्लरमध्ये केस कापायची. पायाखालची फरशी कळत नाही म्हणून भिंत धरून चालत होती. नशा वगैरे काही नाही, असं तिनं डॉक्टरांना ठासून सांगितलं होतं. शेजारी आई बसली होती ना.

चित्र आलं. मानेतल्या मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरी रेघ. फुग्यातून हसवणारा गॅस ओढणाऱ्यांच्या मानेत अशी रेघ मी याआधीही पाहिली होती. शेजारी भूतही होतं.

"हललीस."

"नाही हो ताई."

मानेशी उशा खोचून पुन्हा घेतलं. भूत आणखी स्पष्ट आलं. मूळ जसं, तसंच भूत असायला हवं. या भुताच्या मानेत मात्र दोन मणके एकमेकांना चिकटून एकच झालेले होते, आणि पांढरी रेघ थेट मेंदूपर्यंत गेली होती.

मशीनच्या नावानं बोटं मोडत मी तिला बाहेर काढलं.

"खरं सांग, गॅस कधीपासून घेतेस? डॉक्टरांना कळलं नाही तर पाय कायमचे जातील."

ती रडायलाच लागली. "मैत्रिणीबरोबर सुरू केलं. एक फुगा तिचा, एक माझा. ती चार महिन्यांपूर्वी गेली."

"तिच्या मानेला काही होतं?"

"वळायची नाही. हाक मारली की अख्खी वळायची." मग हळूच म्हणाली, "मी सोडलं तर ती एकटी पडेल, ताई."

"तू सोडलंस की तीही सोडेल," मी म्हणाले. तोंडाला आलं ते बोलून गेले.

तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. गॅस शरीरातलं बी-बारा निकामी करतो, त्याची इंजेक्शनं सुरू झाली, फुगे बंद झाले.

तीन महिन्यांनी ती भिंत न धरता आली. चित्रात तिची मान स्वच्छ होती.

शेजारच्या मानेतली रेघ निम्मी उरली होती.

मी पुढची तारीख लिहून दिली.

"पुन्हा कशाला? मी बरी झाले ना?"

"तू झालीस," मी म्हणाले.